फाटकवाल्याचा सिनेमा

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या चहाला कुणीतरी विचारलं, "मॅडम, आता पुढं काय करणार?" मी म्हटलं, "जुने सिनेमे पाहणार." सगळे हसले. मी गमतीनं बोलले नव्हते. उभी नोकरी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात गेली. त्या सगळ्या वर्षांत सिनेमा म्हणजे पोळ्या लाटताना स्वयंपाकघराच्या दारातून दिसलेला टीव्हीचा तुकडा. नायिका जिना उतरायला लागली की इकडे कुकरची शिट्टी व्हायची. गॅस बारीक करून परत यावं, तर तिचं लग्न होऊन गेलेलं. असे कितीतरी सिनेमे माझ्याकडे अर्धे होते. ते एकदा मांडी घालून, सुरुवातीच्या पाट्यांपासून शेवटपर्यंत पाहायचे, एवढीच माझी म्हातारपणाची योजना होती.

पुढच्याच हिवाळ्यात ह्यांना लकवा मारला.

हे, म्हणजे माझे यजमान, संत्रा मंडीत एका अडत्याकडे बोली लावायचे. बागायतदारानं आणलेल्या संत्र्यांच्या ढिगासमोर उभं राहायचं, भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांना एकमेकांवर चढवत न्यायचं आणि ढीग सुटला की पुढच्या ढिगाकडं सरकायचं. ट्रकची इंजिनं चालू असली तरी ह्यांचा आवाज मंडीच्या फाटकापर्यंत जायचा. वय झालं तरी अडत्यानं सोडलं नव्हतं, कारण तसा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्या सकाळी बोली लावता लावताच ह्यांची जीभ अडखळली. भावाच्या जागी काहीतरी भलतंच निघालं. लोकांना वाटलं, गंमत करून राहिले. दोन-चार जण हसलेही. मग हे हळूच संत्र्यांच्या ढिगावर बसले आणि तिथून उठले नाहीत.

नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. पाय पुढं थोडासा परत आला, काठी धरून मोरीपर्यंत जाण्याइतका. वाचेत एकच शब्द उरला: हाव. आमच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. पण ह्यांचं हाव हो नव्हतं. भूक लागली का? हाव. मग आत्ता नको का? हाव. पंखा बंद करू? हाव. आणि पंखा बंद केला की माझ्याकडं असे पाहायचे, जसं मीच काही मुद्दाम केलं.

दिवसभर हा ओळखण्याचा खेळ चालायचा. सकाळी उठवून बसवणं, तोंड धुणं, अंघोळ, कपडे, हाताची मालीश, पायाचा व्यायाम, पातळ वरण-भात चमच्यानं भरवणं, सांडलेलं पुसणं, चादर बदलणं. दुपार व्हायची तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नसायचं. आणि नागपूरच्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तर बजावून सांगितलं होतं की ह्यांच्याशी सतत बोलत राहा. "ओळखीचं काही कानावर पडू द्या," त्या म्हणाल्या होत्या. "गाणी, भजनं, जे त्यांना आवडायचं ते." ह्यांना काय आवडायचं, हे सांगताना मी अडले. मंडी, चहा आणि झोप, याच्यापलीकडे मला आठवेना. भजनं लावून पाहिली. हे डोळे मिटून घ्यायचे. देवापुढं मिटतात तसे नव्हे, कंटाळ्यानं.

मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोठा टीव्ही आणून भिंतीवर बसवला आणि त्याला इंटरनेट जोडून दिलं. म्हणाला, "आई, यात पाहिजे तो जुना सिनेमा सापडते. टाईप नको करू. या रिमोटमध्ये बोल फक्त." मी आमच्या बोलीत बोलून पाहिलं, तर टीव्हीनं मला शेळीपालनाची माहिती दाखवली. मग मी शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बोलायचे तशी स्वच्छ हिंदी काढली, तेव्हा कुठं त्याला समजलं. मुलगा पोट धरून हसला. पलंगावरून हे पाहत होते. मला मनात आलं, घरात आता भिंतीवरच्या पेटीलाही बोललेलं कळतं, आणि ह्या माणसाला बोलता येत नाही.

तर अशी माझी जुन्या सिनेमांची सोय झाली. दुपारी दोघांची जेवणं आटोपली की मी पलंगाशेजारी खुर्ची ओढायची आणि सिनेमा लावायची.

मनात जपून ठेवलेले काही सिनेमे पहिल्याच आठवड्यात हातातून गेले. एका नटावर मी आणि माझी मोठी बहीण जीव ओवाळून टाकायचो. तो आता पाहिला, तर नायिका नको नको म्हणते आहे आणि हा बागेत तिच्या मागं मागं फिरतो आहे. वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. दुसऱ्या एका सिनेमात मशीनवर कपडे शिवून पोरांना मोठं करणारी आई होती. तरुणपणी तिच्यासाठी मी ढसाढसा रडले होते. आता मला एकच दिसत राहिलं: एवढ्या मोठ्या घरात, एवढी माणसं, आणि तिला पाण्याचा पेला द्यायला कुणी उठत नाही. रडू आलं नाही. रागच आला. पण एक विनोदी सिनेमा होता, एकच खोली दोन बिऱ्हाडांना भाड्यानं दिलेली. तो जसाच्या तसा उभा राहिला. एक वाक्य सैल नाही, एक दार उगाच उघडत नाही. मी एकटीच हसत होते. हे खिडकीबाहेर पाहत होते.

मग एक दिवस मी फाटकवाल्याचा सिनेमा लावला.

हा माझा सगळ्यात लाडका. हिंदी, काळा-पांढरा. माझं माहेर सौंसरचं. लग्नाआधी तिथल्या टॉकीजमध्ये मी आणि बहिणीनं तो पाहिला होता. तेव्हाच तो जुना झालेला होता, रीळ मध्येच तुटायची, पण टॉकीज भरलेली. कारण त्यात छोटी गाडी होती. आमच्या सौंसरवरून तेव्हा तशीच छोट्या रुळांची गाडी जायची, छिंदवाड्याहून नागपूरला, बैलगाडीशी शर्यत लावल्यासारखी. पडद्यावर ती दिसली की लोक घरचं माणूस दिसल्यासारख्या शिट्या मारायचे.

गोष्ट तशी थोडीशीच. जंगलातलं एक रेल्वेफाटक. तिथला फाटकवाला विधुर आहे, त्याची एक मुलगी आहे आणि एक बकरी. साहेब तपासणीला येणार त्याच दिवशी बकरी हिरवी झेंडी खाऊन टाकते आणि बाप मुलीच्या हिरव्या परकराचा तुकडा काठीला बांधून उभा राहतो. तिथं लोक हसून हसून लोळायचे. पुढं मुलगी नर्सचं शिकायला शहरात जायला निघते. स्टेशन दूर आहे. ती तिथून गाडीत बसते आणि तीच गाडी बापाच्या फाटकावरून जाणार असते. गाडी फाटकावर थांबत नाही. बापाला झेंडी धरून ताठ उभं राहावं लागतं. मुलगी खिडकीतून हात हलवते, ओरडते. बापाचा हात झेंडीत अडकलेला. गाडी निघून जाते. तो फाटक उघडतो, आणि वाट पाहत थांबलेला गाडीवान त्याच्यावर खेकसतो की एवढा वेळ का लावला. संपलं.

सौंसरला पाहिला तेव्हा मी ती मुलगी होते. घर सोडून कुठंतरी जायचंय, एवढंच मला त्यात दिसलं होतं. लग्नानंतर टीव्हीवर पाहिला तेव्हा मुलगा मांडीवर होता आणि मला मधलाच भाग मिळाला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तो नीट लावून बसले. साहेबाची रुळांवरून येणारी ट्रॉली अजून आलेली नव्हती. बकरी अजून खुंट्याला बांधलेली होती. फाटकवाला घाईघाईनं अंगण झाडत होता. आणि पलंगावरून हसण्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. अर्धा चेहरा ओढलेला, पण अर्धा मनापासून हसत होता. आजारपणानंतर मी ह्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, खिडकीत काही दिसलं असेल. पण डोळे टीव्हीवर होते. मग पडद्यावर बकरीनं दावं सोडवलं आणि ती झेंडीकडे निघाली.

मी सिनेमा चालू दिला. शेवटाकडे गाडीचा नुसता आवाज यायला लागला, फाटकवाला अजून घरातच होता, तेव्हा ह्यांनी डावा हात चादरीबाहेर काढला आणि मूठ वळून वर धरला. झेंडी धरतात तसा. गाडी येऊन गेली तरी तो हात खाली आला नाही.

"तुम्ही पाहिला हा सिनेमा?" मी विचारलं.

"हाव."

"कधी?"

"हाव."

"कोणासंग पाहिला?"

"हाव," हे म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

लग्न झालं त्या वर्षी मी किती वेळा म्हटलं होतं, चला न सिनेमाला. हे दर वेळी सांगायचे, "मले त्यातलं काई समजत नाई. तू जाय." मी शेजारणींबरोबर जायची. मग शेजारणीही सुटल्या आणि सिनेमाही सुटला. मंडीतल्या माणसाला सिनेमाचं काय, अशी माझी समजूत पक्की झाली. आणि ह्या माणसाला माझा सगळ्यात लाडका सिनेमा तोंडपाठ होता. माझ्याआधी कधीतरी, माझ्याशिवाय कुठंतरी, एकदा नव्हे, खूपदा पाहिलेला. कोणाबरोबर? चादरी पिळताना, औषध कुटताना हाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. कोणी मुलगी असेल का? साठी उलटलेली बाई मी, घरात लकव्याचा माणूस, आणि मला हे सुचत होतं. माझं मलाच हसू आलं. तरी टोचायचं ते टोचतच राहिलं.

त्यानंतर दुपार झाली की हे डाव्या हातानं टीव्हीकडं दाखवायचे. दुसरा काही लावला की तोंड फिरवायचे. फाटकवाला लागला की शांत. रोज तोच. तीच ट्रॉली, तीच बकरी, तोच गाडीवान. लाडका सिनेमा रोज रोज वाट्याला आला की त्याचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. मला तो नकोसा झाला. गाडीची शिट्टी झाली की डोकं दुखायचं. कधी मी तांदूळ निवडायला घ्यायची, कधी बसल्या बसल्या डुलकी घ्यायची.

पण डोळे उघडे असले की ते कुठंतरी जाणारच. माणसांचे चेहरे पाहून विटलेली मी कडेकडेचं पाहायला लागले. एक दिवस मला फाटकवाल्याच्या झोपडीमागची दोरी दिसली. त्यावर मुलीचा परकर वाळत होता आणि शेजारी एक लुगडं. मुलगी तर परकर-पोलक्यात असते. घरात दुसरी बाई नाही. मग पुढच्या दुपारी मी लक्ष ठेवलं. लुगडं पूर्ण सिनेमाभर होतं, कधी दोरीवर, कधी घडी करून खाटेच्या उशाशी. मेलेल्या बायकोचं लुगडं तो माणूस धूत होता, वाळवत होता, घडी घालत होता. सिनेमात त्याबद्दल एक शब्द नाही. कॅमेरासुद्धा तिथं थांबत नाही. एवढ्या वेळा पाहून मला ते आत्ता दिसलं, आणि दिसलं कारण मी स्वतः दिवसभर दोरीवर चादरी टाकत होते.

"ते लुगडं पाहा," मी ह्यांना म्हटलं.

"हाव," हे म्हणाले. त्या आवाजात अजिबात नवल नव्हतं.

माझी मोठी नणंद सावरगावला दिली आहे, जाम नदीच्या पलीकडे. आमच्या घरापासून म्हटलं तर हाकेच्या अंतरावर. पण भावाच्या आजारपणातच तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं आणि ती मुलाकडे छिंदवाड्याला जाऊन राहिली. फोनवर रडायची. पाय बरे झाल्यावर परत आली आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत ऑटोतून आमच्या दारात उतरली. मी तिला बाई म्हणते. वयानं सत्तरीपार, पण बोलणं अजून खणखणीत. भावाच्या डोक्यावरून हात फिरवून झाला, डोळे पुसून झाले, मग तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं.

"अगं माय!" ती म्हणाली. "हा तं रामाकोन्याचा सिनेमा!"

रामाकोना हे माझ्या सासरचं मूळ गाव, सौंसरपासून जवळच. "रामाकोन्याचा म्हणजे काय, बाई?" मी विचारलं.

"तुले नाई माहीत? यानं सांगतलं नाई कधी?"

"नाही."

बाई पलंगाच्या कडेला बसली आणि भावाचा निर्जीव हात मांडीवर घेऊन सांगायला लागली. "आमच्या गावात बाजाराच्या मैदानात थंडीत तंबूचा सिनेमा ये. हा तवा वीसेक वर्षांचा असन. काही काम नाई, नुसता आवाज मोठा. तंबूवाल्यानं याचा आवाज आयकला अन् याले सायकलरिक्षात बसवलं. समोर भोंगा. गावोगाव हिंडून सांगाचं, सिनेमा आला म्हनून. दिवसभर बोंबलाचं अन् संध्याकाळी फुकट सिनेमा. हाच. दुसरी रीळ घेऊन येनारा मानूस आलाच नाई, त हाच चालला कितीतरी दिवस. लोक तरी येत. मी खुद्द चारदा पाहिला."

"आणि मग?"

"मंग तंबू उठला. मालक म्हने, चाल माझ्यासंग, मुलताईले जाऊ, तिकडून बैतूलले. हा पिशवी भरून तयार. आमचा बाप वावरातून आला, त्यानं पाहिलं. मारलं नाई, शिव्या देल्ल्या नाई. याच्या हातातून पिशवी काढून घेतली अन् खुंटीले टांगली. तंबू निघून गेला. आठ-पंधरा दिवसांत बापानंच याले इथी पांढुर्न्याच्या मंडीत आनून सोडलं. म्हने, आवाजच वापराचा हाये न, मंग इथी वापर."

पलंगावर हे डोळे मिटून होते. ऐकत होते, हे मला श्वासावरून कळत होतं.

"मला कधी बोलले नाहीत," मी म्हटलं.

"काय बोलन? बाप होता तोपावतर घरात सिनेमाचं नाव काहाडत नव्हतो आमी. मंग तशीच सवय झाली असन." बाई एकदम हसली. "पन काय बोले वं हा भोंग्यातून! सारं मनानंच जोडलेलं. थांब, आठोते मले."

तिनं काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांचा भोंगा तोंडाशी धरला आणि ओरडली, "या हो या! रामाकोन्याच्या मैदानात! मानसाले रडवनारा, बकरीले हसवनारा, रेलगाडीचा खेळ! आज संध्याकाळी! मायबाप, लेकरंबाकरं, सारे या! अन्..." ती अडली. "अन् काय होतं बापा त्याच्यापुढं?"

"बायाईची," पलंगावरून आवाज आला, "बसाची... सोय... अलग."

आवाज जाडसर होता, शब्द ओढलेले होते, पण शब्द होते. चार. बाईचे हात तोंडापाशी तसेच राहिले. हे स्वतःच दचकून आमच्याकडं पाहत होते, जसं दुसरंच कुणी बोललं.

बाई भावाच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला आधी हसू आलं. आजारपणानंतर माझ्या नवऱ्याचे पहिले शब्द काय, तर बायांची बसायची सोय अलग आहे. आणि हसता हसताच मी फरशीवर बसले. इतके महिने 'पाणी म्हणा, पाणी' करत मी घसा कोरडा केला होता. माझं नाव म्हणा, मुलाचं नाव म्हणा. काही निघालं नव्हतं. आणि जे निघालं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या धुळीतल्या रस्त्याला उद्देशून. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण तो आनंद उचलायला अंगात बळ नव्हतं. बाहेरून बाई हाका मारत होती, "अवो इकडे ये न, कुठी गेली?" मी तोंड धुऊन बाहेर आले.

त्या दिवशी पुन्हा पुन्हा म्हणवून पाहिलं. बाईनं ओरडून सुरुवात केली की हे शेवट जोडायचे. पण "पाणी म्हणा" म्हटलं की पुन्हा हाव. नागपूरच्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी समजावून सांगितलं की तोंडपाठ असलेलं बोलणं वेगळं आणि मनात जुळवून बोलणं वेगळं. एक शाबूत राहू शकतं आणि दुसरं जातं. "फार आशा लावू नका," त्या म्हणाल्या, "पण हे हातचं सोडूही नका. रोज म्हणवून घ्या."

मग आमच्या घरात रोज सकाळी दात घासून झाले की तंबूची जाहिरात सुरू झाली. मी एक तुकडा म्हणायचा, ह्यांनी पुढचा. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल, मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं. उन्हाळा गेला, पोळा झाला, नदीवरची दगडफेकीची गोटमारही होऊन गेली. एवढ्या खटाटोपातून दोन शब्द सुटे झाले. कुणी दारात आलं की हे 'या' म्हणायला लागले, आणि संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसवायचं असेल तर 'आज'. 'बस' हा तिसरा शब्द कुठून आला मला माहीत नाही, पण तो सगळ्यात कामाचा निघाला. हाव म्हणजे हो आणि बस म्हणजे नाही, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ठरवायलाच महिना लागला. त्याच्यापुढं गाडी सरकली नाही. आता सरकेल असं मला वाटतही नाही. पण पंखा बंद करायचा की नाही, हे आता विचारता येतं.

हो-नाही कळायला लागल्यावर एक दिवस जेवण भरवताना मी विचारलं, "माझ्यासंग सिनेमाला यावंसं वाटत होतं का तुम्हाला? तेव्हा?"

ह्यांनी घास गिळला. "हाव," म्हणाले.

मग का नाही आलात, असं ओठांवर आलं होतं. पण त्याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. मी पुढचा घास केला.

बाई आता दर गुरुवारी येते आणि राहते. भावाला अंघोळ घालू देत नाही मी तिला, तिचे गुडघे आहेत. पण ती शेजारी बसते, बडबडते, त्या काळातल्या गावातल्या माणसांच्या गोष्टी काढते, आणि हे हाव आणि बस करत राहतात. बरेचदा भांडतातही. फाटकवाला तिच्यासोबत लागतो. मी त्या वेळात आडवी होते.

मागच्या थंडीत नागपूरहून माझ्या भाचीचा फोन आला. सौंसरच्या टॉकीजमध्ये माझ्यासोबत बसायची ती बहीण आता नाही. ही तिची मुलगी. म्हणाली, "मावशी, इथं मॉलमधल्या थिएटरमध्ये जुना सिनेमा पुन्हा लावला आहे, नवा धुऊनपुसून. तुझ्या कॉलेजच्या वेळचा, रंगीत. आईला फार आवडायचा. तू ये, मी तिकीट काढते." मी नाही म्हटलं. बाईनं ते ऐकलं.

"कायले नाई म्हनतं?" ती म्हणाली. "मी हावो न इथी. याले मी पाहतो. तू जाय."

"औषधं आहेत, बाई. दुपारची चादर..."

"मले चादर घालता येत नाई का? जाय म्हनलं त जाय." मग भावाकडं वळून म्हणाली, "जाऊ दे का हिले?"

"हाव," हे म्हणाले.

मी सकाळच्या गाडीनं गेले. ठेवणीतली साडी नेसले होते. थिएटरमध्ये गारवा होता आणि खुर्ची अशी की बटण दाबलं की पाय वर उचलले जायचे. भाचीनं मक्याच्या लाह्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. दिवे मालवले. पडदा केवढा मोठा होता! पाट्या सुरू झाल्या आणि त्या जुन्या नावांचे रंग इतके लखलखीत की मला वाटलं, हेच, ह्यालाच मी निवृत्तीची वाट पाहत होते. नायिका कॉलेजच्या पायऱ्यांवरून उतरली. तिचं पहिलं गाणं सुरू झालं. ते गाणं कुठं संपलं, मला माहीत नाही.

भाचीनं हात लावला तेव्हा दिवे लागलेले होते आणि लोक उठून चालले होते. माझी मान एका बाजूला कलंडलेली, लाह्यांचा डबा तिच्या मांडीवर. मध्यंतरातही तिनं मला उठवलं नव्हतं.

"मावशी, सगळा गेला गं तुझा," ती हळहळली. "मला उठवावं वाटलं, पण तू इतकी गाढ झोपली होतीस."

"बरं केलंस," मी म्हटलं. किती दिवसांत कुणाची हाक न ऐकता मी अशी झोपले नव्हते. डोळ्यांवरून कुणी ओला हात फिरवल्यासारखं वाटत होतं. "एवढ्यात उठायलाच हवं का?" मी विचारलं. झाडू घेऊन आलेली बाई रांगेच्या टोकाशी थांबली होती, म्हणून उठलो.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईनं भात लावून ठेवला होता. ह्यांच्या सदऱ्यावर वरणाचा डाग होता आणि चादर उलटी घातलेली होती.

"कसा होता सिनेमा?" बाईनं विचारलं.

"खुर्च्या फार छान होत्या," मी म्हटलं. ती हसली. तिला काय कळायचं ते कळलं असावं. मी साडी बदलली, चादर सुलटी केली, आणि ह्यांच्या रात्रीच्या गोळ्या काढायला घेतल्या.